कागदाचा तुकडा

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ गेली कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. बाबांची साठी आली, तेव्हा ठरवलं की यांच्या वाढदिवसाला तो बोलता करायचा. मी पडलो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर! (पोटासाठी जावा लिहितो, ही गोष्ट वेगळी.) दोन-तीन कपॅसिटर बदलले, मागच्या पिकअपच्या सॉकेटात मोबाईल जोडला आणि चक्क आवाज आला. मग उत्साहाच्या भरात जाळी पुसायला स्पीकरच्या तारा सोडवल्या. रेडिओ चालूच. मनात म्हटलं, लोडच नाही तर बिघडणार काय?

थोड्याच वेळात जळका वास. आउटपुट ट्रान्सफॉर्मर खलास! बाबा दारातच उभे होते. "राहू दे रे," एवढंच म्हणाले. ते 'राहू दे' फार लागलं.

चूक नंतर कळली. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरला भीती शॉर्टची, व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला ओपनची. यातला ईएल 84 हा व्हॉल्व्ह 250 व्होल्टवर 48 मिलीअँपियर घेतो आणि त्याला समोर साधारण 5200 ओहमचा लोड लागतो. आमचा स्पीकर 5 ओहमचा. या दोघांचं जमवून देतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. स्पीकर काढला की व्हॉल्व्हला समोर लोड दिसतच नाही. मग प्रायमरीवर व्होल्टेजचे मोठे झटके बसतात आणि इन्सुलेशन फुटतं.

दुसऱ्या दिवशी घरीच ट्रान्सफॉर्मर उघडला. जाड तारेची सेकंडरी वरच होती, शाबूत. मोजली, 81 वेढे. प्रायमरीचा कोळसा झालेला, पण इथे डिग्री कामाला आली. 5200 भागिले 5 म्हणजे 1040, त्याचं वर्गमूळ 32 आणि थोडं. म्हणजे प्रायमरी साधारण 2600 वेढ्यांची. बुधवार पेठेत एका वाइंडिंगवाल्या काकांना हा आकडा ऐटीत सांगितला. त्यांनी बॉबिन भरून दिली. स्टॅम्पिंग मात्र मीच भरले. ई आणि आय आकाराच्या त्या पातळ पट्ट्या कॉलेजात शिकलो तशा, एक इकडून एक तिकडून, अगदी घट्ट बसवल्या.

आवाज आला, पण कसा? तबल्याचा बायाँ गायब, आणि जरा मोठा केला की घसा बसल्यासारखा. पुन्हा काकांकडे.

"साहेब, मधला कागद कुठाय?"

कागद? ई आणि आयच्या मध्ये एक पिवळट कपटा होता खरा. कचरा समजून मीच फेकून दिला होता!

काका म्हणाले, "अहो, तोच तर गॅप." आणि डोक्यात प्रकाश पडला. इथे एकच व्हॉल्व्ह. त्याचे 48 मिलीअँपियर डीसी सतत प्रायमरीतून एकाच दिशेने वाहतात. कोअर घट्ट बंद असला तर त्यानेच भरून जातो, इंडक्टन्स पडतो आणि खर्ज मरतो. म्हणून सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या, आणि मध्ये कागद. 1947 मध्ये विल्यमसनने 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये जे गाजलेलं डिझाइन छापलं, त्यात दोन व्हॉल्व्ह पुशपुलमध्ये आहेत. तिथे दोघांचे डीसी एकमेकांना कापतात, म्हणून असा गॅप लागत नाही. पण वेगळी कसरत आहेच. खर्जासाठी वेढे वाढवावेत तर लीकेज आणि कपॅसिटन्स वाढून वरचे सूर जातात. मग प्रायमरी आणि सेकंडरी तुकड्या-तुकड्यांनी आलटून पालटून गुंडाळायची. म्हणजे इथेही ट्रेड-ऑफ, आणि मला वाटायचं ते फक्त आमच्या डिझाइन रिव्ह्यूमध्येच असतात!

काकांनी पातळ कागद कापून स्टॅम्पिंग पुन्हा भरून दिले. पैसे फक्त वाइंडिंगचे घेतले. कागदाचे किती, विचारलं तर हसले.

रविवारी संध्याकाळी भीमसेनांचा पुरिया धनाश्री लावला. खालचा षड्ज भरून आला. बाबा काहीच बोलले नाहीत. उठले आणि टोनचं बटण किंचित डावीकडे फिरवलं. "अण्णा इथेच ठेवायचे," म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत डोळे मिटून बसले.

थोड्या वेळाने, डोळे न उघडताच म्हणाले, "आणि हे बघ, आता जाळी पुसायची नाही!"