वस्त्रांची मर्यादा : लेस्टरमधील आठ दिवस

परदेशी आप्तांकडे जाण्याचा योग आला की आपल्याकडील स्त्रियांची पहिली चिंता तिकिटाची नसते, व्हिसाचीही नसते. ‘तिथे नेसायचे काय?’ ही असते. त्यातून ते आप्त लेकीच्या सासरचे असतील आणि घरात जुन्या वळणाची वडीलधारी मंडळी असतील, तर ही चिंता दुप्पट होते. काही वर्षांपूर्वी पर्युषणाच्या निमित्ताने इंग्लंडमधील लेस्टर येथे व्याह्यांकडे जाणे झाले, तेव्हा माझी अवस्था अशीच होती.

आम्ही सांगलीकडचे दिगंबर, मराठी बोलणारे. थोरल्या लेकीचे सासर गुजराती श्वेतांबर. विचार केला तर गंमत वाटते. आपल्या या दोन्ही आम्नायांची नावेच मुळी वस्त्रावरून पडली आहेत. दिशा हेच ज्यांचे अंबर ते दिगंबर, श्वेत वस्त्र ज्यांचे ते श्वेतांबर. भगवान महावीरांनी दीक्षेच्या क्षणीच सर्व वस्त्रांचा त्याग केला असे आपण मानतो; दीक्षेनंतर वर्ष आणि एक महिना त्यांच्या अंगावर देवदूष्य वस्त्र होते असे श्वेतांबर परंपरा सांगते. ज्या धर्मात वस्त्राचा विचार इतका खोलवर गेला आहे, त्या धर्माच्या घरी जाताना मी मात्र बाह्यांची लांबी मोजत बसले होते.

बाह्या माझ्या नव्हत्या, धाकट्या लेकीच्या होत्या. ती माझ्याबरोबर येणार होती. सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी, नीटनेटक्या आणि थोड्या निराळ्या पोशाखाची आवड असलेली. निघण्यापूर्वी पंधरा दिवस मी तिची बॅग तीन वेळा भरली आणि तीन वेळा रिकामी केली. बिनबाह्यांचा झगा काढला, जीन्स काढली, तिची आवडती कापडी झोळीही ‘ही काय भाजीची पिशवी आहे?’ म्हणून बाजूला ठेवली. ती तिने गुपचूप पुन्हा आत टाकली, हे मला नंतर कळले. माझ्या मनात एकच धास्ती : व्याह्यांच्या मातोश्री, ज्यांना सारे घर ‘बा’ म्हणते, त्या काय म्हणतील? त्यांच्या कडकपणाच्या गोष्टी मी लग्नापासून ऐकून होते.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून सुटलेली गाडी तासाभराहून थोड्या अधिक वेळात लेस्टरला पोहोचते. हे शहर एकेकाळी मोजे, बनियन आणि विणलेल्या कपड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. 1972 च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी 90 दिवसांची मुदत दिली, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांनी लेस्टरची वाट धरली. त्या वेळी येथील नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘लेस्टरला येऊ नका’ असे सुचवले होते. तरीही लोक आले आणि राहिले. आज बेलग्रेव्ह रोडवरून चालताना त्या जाहिरातीवर विश्वास बसत नाही. सोन्याचे दागिने, मिठाई आणि साड्यांच्या दुकानांची रांगच्या रांग लागलेली. काचेआड बांधणी आणि घरचोळे नेसलेल्या पुतळ्या उभ्या. या पट्ट्याला लोक ‘गोल्डन माइल’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी भगवंतांच्या जन्मवाचनाचा सोहळा होता. सकाळी घरातून निघताना धाकटीने घोट्यापर्यंत येणारा निळा झगा घातला होता. बाह्या कोपराच्या वर होत्या. मी तिला परत खोलीत पाठवले. ती दुसरा पोशाख घालून आली, त्याचा गळा मला रुंद वाटला. शेवटी थोरलीचा एक सैल, मातकट कुडता मी तिच्या अंगावर चढवला. तो तिला बेढब होत होता. ती काही बोलली नाही. गाडीत मात्र तोंड फिरवून बाहेर पाहत राहिली.

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन सेंटरची इमारत मुळात एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती प्रार्थनागृह. जैन समाजाने ती घेतली, दर्शनी भागावर शुभ्र संगमरवराचे कोरीव काम चढवले आणि 1988 मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. आत पाऊल ठेवताच नक्षीदार खांब, आणि खिडक्यांच्या रंगीत काचांतून महावीरांच्या चरित्रातील प्रसंग. चर्चची कला आणि आपली कथा अशी एका काचेत भेटलेली मी प्रथमच पाहिली. एकाच छताखाली श्वेतांबर देरासर आहे, दिगंबर मंदिर आहे, स्थानकवासी उपाश्रयही आहे. आमच्या बस्तीतल्यासारखी मूर्ती परमुलखात समोर पाहून माझे डोळे भरून आले, हे सांगायला संकोच वाटत नाही.

पण त्याआधी, जोडे काढण्याच्या जागीच, जे घडले ते लिहिण्यासाठी हा लेख आहे. बा माझ्या शेजारी बाकावर बसल्या होत्या. पांढरी सुती साडी, डोक्यावरून पदर. त्यांनी माझ्या हातातील पर्सकडे पाहिले आणि अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारले, “वेवाण, आ पर्स चामडानी छे?”

होय, ती चामड्याचीच होती. निवृत्तीच्या दिवशी बँकेतील सहकाऱ्यांनी प्रेमाने दिलेली, तपकिरी, महागडी. इतकी वर्षे मी ती लग्नाकार्यांत मिरवली होती. बस्तीत जाताना पर्स घरी ठेवण्याचा नियम मी पाळत असे. परदेशी पासपोर्ट आणि पैसे जवळ हवेत म्हणून त्या दिवशी ती सोबत आली, आणि ती चामड्याची आहे हे माझ्या मनातही आले नाही. मी गोंधळून उभी राहिले. तेवढ्यात धाकटीने आपली कापडी झोळी पुढे केली, पासपोर्ट आणि पैसे तिच्यात घातले आणि पर्स गाडीत ठेवून आली. त्यावर ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर मला बरे वाटले असते.

सायंकाळी चौविहारापूर्वीचे जेवण आटोपल्यावर मी बांच्या खोलीत गेले आणि क्षमा मागितली. त्या हसल्या. मग जे सांगितले ते असे : कंपालाहून त्या एक सुटकेस घेऊन इथे आल्या. मोज्यांच्या कारखान्यात काम मिळाले. साडीचा पदर यंत्रात अडकण्याचे भय, म्हणून त्यांना पँट घालावी लागली. पहिल्या दिवशी त्या रडल्या. सासूबाईंनी सांगितले, अंग झाकले आहे ना, मग झाले. पुढची कित्येक वर्षे त्यांनी दिवसा पँट आणि घरी साडी अशी काढली. पण हिवाळ्यात साऱ्या जणी चामड्याचे बूट घालत, तेव्हा त्यांनी रबराचे बूट आणि त्यांत दोन-दोन मोजे घातले. पाय गारठून निळे पडत. “कपडा कोणता घालायचा, हे पुष्कळदा माझ्या हातात नव्हते,” त्या म्हणाल्या, “कोणाचा जीव घेऊन तो घालायचा नाही, एवढे माझ्या हातात होते.”

त्या रात्री मी माझी स्वतःची बॅग उघडून बसले. पाच साड्यांपैकी दोन रेशमी. कोशातील जीव उकळत्या पाण्यात मारून रेशमाचे सूत निघते, एका साडीला असे हजारो कोश लागतात, हे मला का ठाऊक नव्हते? ठाऊक होते. थंडीसाठी हौसेने घेतलेल्या हलक्या कोटाच्या आतील पट्टीवर बारीक अक्षरांत बदकाच्या पिसांचा उल्लेख होता. बँकेत हयातभर इतरांच्या कागदांवरील बारीक अक्षरे वाचली. आपल्या अंगावरची वाचायची राहिली.

याचा अर्थ बाह्यांना आणि गळ्याला महत्त्व नाही असे नव्हे. बा त्याही बाबतीत जुन्याच वळणाच्या आहेत. देरासरात खांदे उघडे ठेवणे त्यांना आवडत नाही आणि ते त्यांनी धाकटीला दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलेही. पण सांगण्याची रीत निराळी होती. त्यांनी तिला बेलग्रेव्ह रोडवर नेले आणि तिच्या पसंतीची सुती बांधणीची ओढणी घेऊन दिली. तिने तोच निळा झगा घातला, त्यावर पूर्ण बाह्यांचे पांढरे सुती जाकीट आणि खांद्यावरून ती लाल ओढणी. देरासरातील मुली तिला ‘ओढणी अशी कशी घेतलीस’ म्हणून विचारत होत्या. शालीनता आणि शोभा यांचे वैर असते हा माझाच समज होता. तिला तो कधी पटला नव्हता.

अशा प्रवासाला निघणाऱ्या भगिनींसाठी अनुभवाचे चार शब्द. कमी कपडे न्यावेत. एकमेकांवर चालतील असे तीन-चार जोड पुरतात आणि अपरिग्रहही साधतो. सुती किंवा लिननचे कपडे बरे. रेशमाचीच हौस असेल तर पतंग कोशातून उडून गेल्यावर काढलेले अहिंसा रेशीम मिळते. थंडीसाठी आत घालायचे उबदार कपडे आणि वर शाल घेतली की कोणत्याही पोशाखाची मर्यादा सांभाळली जाते. पर्स, पट्टा, घड्याळाचा पट्टा, बूट आणि कोटाचे अस्तर यांच्या पट्ट्या घरीच वाचाव्यात. मंदिरात जोडे काढावे लागतात आणि फरशी गार असते, म्हणून धड, न फाटलेले मोजे जवळ असावेत. पूजा करायची असल्यास त्यासाठी निराळी, धुतलेली वस्त्रे न्यावीत. पुरुषांना श्वेतांबर रीतीत न शिवलेले धोतर आणि खेस लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, यजमानांना आधी विचारावे. मी दोन आठवडे कल्पनेतल्या बांना भीत राहिले. खऱ्या बांना एक फोन केला असता तर पुष्कळ टळले असते.

आठव्या दिवशी संवत्सरी. प्रतिक्रमण संपल्यावर सारे सभागृह हात जोडून एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणत होते. आपले दशलक्षण पर्व त्यांचे पर्युषण संपते तेथे सुरू होते, त्यामुळे आपली क्षमावाणी अजून दहा-बारा दिवस दूर होती. मी तेवढी वाट पाहिली नाही. इतकी वर्षे छापील पत्रांवर आणि आता मोबाईलवर शेकडो जणांकडे क्षमा मागत आले. पोटच्या मुलीकडे नाव घेऊन मागितल्याचे आठवत नाही. त्या गर्दीत तिचा हात धरला आणि त्या मातकट कुडत्याबद्दल क्षमा मागितली.

ती म्हणाली, “तो कुडता खरंच फार वाईट होता, आई.” आणि आम्ही दोघी हसलो. पर्स मी परत आणली नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. ती आणली, कपाटात आहे. देणाऱ्यांचे प्रेम टाकवत नाही. पण ती खांद्याला लावून घराबाहेर पडले नाही, त्यालाही आता बरीच वर्षे झाली.