फोन कुणालाही लागू दे, शेजारी येतोच

आमची धाकटी बहीण गेली काही वर्षे इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात राहते. मेहुणे तिकडे रुग्णालयात नर्स आहेत. शहरातले भाडे परवडेना म्हणून त्यांनी गावात घर घेतले. गावाचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. तिथे मुसलमानांचे एकच घर आहे आणि नाव लिहिले की घर ओळखू येईल. वस्ती जेमतेम तीन-साडेतीनशे लोकांची. एक जुने चर्च, एक सार्वजनिक सभागृह, एक लाल टेलिफोनची पेटी आणि चहूकडे गहू-जवाची शेते. दुकान होते, ते बंद झाले. बस दिवसातून दोनदा येते, रविवारी येत नाही. मशिदीसाठी इप्सविच शहरात जावे लागते.

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघे, म्हणजे दोघेही शिक्षक असलेले नवरा-बायको, अम्मीला घेऊन तिच्याकडे राहून आलो. तिथे आमच्या हाती जी गोष्ट पडली तिच्याबद्दल हे लिहितो आहोत. ती म्हणजे त्या गावाचे मासिक पत्रक. चार-सहा पानांचे, साध्या कागदावर छापलेले. महिन्याच्या सुरुवातीला गावातली एखादी बाई किंवा निवृत्त गृहस्थ पायी फिरून प्रत्येक दाराच्या फटीतून आत सरकवतात. छपाईचा खर्च नळ दुरुस्त करणारा, धुराडे साफ करणारा, कुत्र्यांचे केस कापणारी अशांच्या जाहिरातींवर निघतो. बहिणीने सगळे जुने अंक जपून ठेवले होते. शिक्षकांना वाचायला काही मिळाले की राहवत नाही. दोन दिवसांत आम्ही ते सगळे वाचून काढले.

बातम्या अशा: फिरते वाचनालय कोणत्या मंगळवारी, किती वाजता, कुठे थांबणार. निळा कचरा-डबा कोणत्या आठवड्यात बाहेर ठेवायचा. रस्त्याकडेचे गवत या वर्षी उशिरा कापणार, कारण रानफुलांना बी धरू द्यायचे आहे. गावात गॅसची वाहिनी नाही, घरे तेलावर गरम होतात. तेव्हा सर्वांनी मिळून तेलाची मागणी अमुक तारखेपर्यंत नोंदवावी म्हणजे भाव कमी पडेल. भरधाव गाड्यांचा वेग मोजण्यासाठी पिवळे जाकीट घालून रस्त्यावर उभे राहायला दोन माणसे हवी आहेत. एक करडे मांजर हरवले आहे. जूनमध्ये गावातल्या काही बागा सर्वांना पाहायला खुल्या राहतील, जुलैत जत्रा भरेल.

त्या जत्रेत एक खेळ असतो, तो वाचून अम्मी खूप हसली. उंच खांबांवर नारळ ठेवतात, लांबून चेंडू मारायचा आणि नारळ पडला की तो तुमचा! कोकणातल्या माणसाला हे कसे सांगावे? आपल्याकडे नारळ आपसूक डोक्यात पडू नये म्हणून माणूस बाजूने चालतो.

लाल टेलिफोनच्या पेटीचीही गंमत आहे. मोबाइल आल्यावर या पेट्या निरुपयोगी झाल्या, तेव्हा 2008 पासून तिथल्या टेलिफोन कंपनीने त्या गावांना एकेका पौंडात देऊन टाकायला सुरुवात केली. कुठे त्यात छोटे वाचनालय झाले, कुठे आणखी काही. बहिणीच्या गावात तिच्यात हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र ठेवले आहे. 999 वर फोन केला की पेटीचा आकडा सांगतात. यंत्र चालू आहे की नाही हे एक आजोबा दर आठवड्याला पाहून वहीत सही करतात. त्या सहीचे आम्हाला फार कौतुक वाटले. यंत्र आणणे सोपे असते. आपल्याकडेही देणगीदाराच्या नावासकट यंत्रे येतात. पण दर आठवड्याला जाऊन पाहणारा माणूस मिळणे, ते खरे काम.

सुरुवातीला या पत्रकाबद्दल घरात गैरसमज होता. त्यावर ‘पॅरिश’ हा शब्द छापलेला असतो. अम्मीला वाटले हे चर्चचे कागद, घरात कशाला? शब्द मुळात चर्चचाच आहे, एका चर्चच्या हद्दीतला गाव म्हणजे पॅरिश. पण 1894 च्या कायद्याने गावकारभार चर्चपासून वेगळा काढून निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे दिला. आपल्या ग्रामपंचायतीसारखीच ती, फक्त अधिकार आणि पैसा त्याहून कमी. दरवर्षी 1 मार्च ते 1 जून या काळात गावाची एक सभा घ्यावीच लागते आणि तिथे कोणीही मतदार उठून बोलू शकतो. आमच्या बहिणीचा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, तरी राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून तिला तिथे मत आहे. हे ऐकून आम्ही चकितच झालो. चर्चच्या प्रार्थनेच्या वेळा पत्रकात वेगळ्या चौकटीत असतात आणि त्याही दर रविवारी वेगळ्या गावच्या, कारण चार-पाच चर्चना मिळून आता एकच पाद्री उरला आहे.

चर्चवरून आठवले. कुरआनचे इंग्रजीत भाषांतर करणारे मार्मड्यूक पिकथॉल याच सफोकचे. त्यांचे वडील चिल्सफर्ड नावाच्या लहानशा गावात पाद्री होते आणि त्यांचे लहानपण तिथे गेले. पुढे इस्लाम स्वीकारून ते 1920 मध्ये मुंबईला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून आले, नंतर हैदराबादेत शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांचे भाषांतर 1930 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे सफोकच्या खेड्यातून मुंबईकडे येणारी वाट आमच्या बहिणीच्या आधीपासूनची आहे, उलट दिशेची.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी एक मोबाइल नंबर असतो. ‘चांगला शेजारी योजना’ असे तिचे नाव मराठीत करता येईल. सफोकमध्ये बऱ्याच गावांत ती चालते. गावातले दहा-बारा स्वयंसेवक एकच फोन आळीपाळीने जवळ बाळगतात. कुणाला दवाखान्यात जायचे आहे, औषधे आणायची आहेत, उंचावरचा दिवा बदलायचा आहे, अर्ज भरायचा आहे, तर त्या नंबरवर फोन करायचा. ज्याची पाळी असेल तो यादी पाहून मोकळ्या माणसाला कळवतो. स्वयंसेवकांच्या पोलीस नोंदी आधी तपासलेल्या असतात. पैसे घेत नाहीत. गाडी लागली तर पेट्रोलचा खर्च तेवढा द्यायचा.

आमची बहीण जानेवारीत दारातल्या बर्फावरून घसरली आणि घोट्याचे हाड मोडले. मेहुण्यांची रात्रपाळी, मुले लहान, तिला गाडी चालवता येईना. प्लास्टर तपासायला वीस मैलांवरच्या दवाखान्यात वरचेवर जायचे. इकडून आम्ही फोनवर फक्त दुआ करू शकत होतो. ‘शेजारी कुणी नाही का?’ हा अम्मीचा प्रश्न रोजचा. शेजारी होते, पण हात हलवून ‘हवा छान आहे’ म्हणण्यापुरते. पत्रक फ्रिजला लावलेले होते. तरी तिने तीन दिवस फोन केला नाही. गोऱ्या, अनोळखी माणसांकडे मागायचे कसे? आपण इथे उपरे, त्यात डोक्यावर ओढणी. काय म्हणतील?

चौथ्या दिवशी तपासणीची तारीख आली तेव्हा तिने नंबर फिरवला. पलीकडच्या बाईने दोनच प्रश्न विचारले: किती वाजता पोचायचे आहे, आणि गाडीत चढताना पाय सरळ ठेवावा लागेल का? सत्तरीचे एक गृहस्थ पुढची सीट मागे सरकवून हजर. ते दवाखान्यात दोन तास वर्तमानपत्र वाचत बसले. पुढच्या वेळी वेगळी बाई आली, त्यापुढे आणखी कुणी. सहा आठवडे असे चालले. मुलांना शाळेच्या बसपर्यंत पोचवायलाही कुणी ना कुणी यायचे.

आम्ही तिला विचारले, एवढे उपकार घेताना अवघडल्यासारखे झाले नाही? ती म्हणाली, ‘नाही ना! तेच तर. मी कुणा एकाकडे मागितलेच नव्हते. मी नंबरला फोन केला.’

या वाक्यावर आम्ही दोघे नंतर पुष्कळ बोललो. आपल्याकडे शेजारधर्म नाही असे कोण म्हणेल? भिंतीवरून हाक मारली की वाटीभर साखर येते, मय्यत झाली की तीन दिवस त्या घरात चूल पेटू देत नाहीत. पण आपली मदत ओळखीवर चालते. ज्याची हाक मोठी, ज्याचे घर मोठे, त्याच्याकडे दहा जण धावतात. विधवा बाई, नव्याने भाड्याने राहायला आलेले कुटुंब, मुलगा आखातात असलेली म्हातारी, यांना मागायला तोंड उघडावे लागते आणि ज्याच्याकडे मागितले त्याच्या नजरेसमोर आयुष्यभर राहावे लागते. त्या नंबरने ही मान खाली घालण्याची गोष्टच काढून टाकली. तिकडची माणसे फार मायाळू आहेत म्हणून हे झाले असे आम्हाला वाटत नाही. उलट ती न विचारता कुणाच्या दारात जात नाहीत, म्हणूनच त्यांना नंबर लागतो. आपल्याला तो थंडपणा वाटतो. पण त्या थंडपणातच मागणाऱ्याची अब्रू राहते.

वाचक भगिनी-बंधूंनो, शेजाऱ्याच्या हक्कावरचे खुतबे आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. सूरह निसाच्या 36 व्या आयतीत जवळचा शेजारी आणि दूरचा शेजारी असे दोघांचे वेगवेगळे नाव घेतले आहे. सूरह माऊनमध्ये ज्या किरकोळ वस्तू अडवून धरणाऱ्यांचा निषेध आहे, त्यांचा अर्थ हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांनी कुऱ्हाड, हंडी आणि बादली असा सांगितला आहे. घरगुती, उसनी देण्याच्या वस्तू. शिडी आणि गाडीही त्यातच धरायला हरकत नसावी.

सगळेच गोड आहे असेही नाही. पत्रकातल्या दर अंकात ‘माणसे हवीत’ ही ओळ असते. तीच सात-आठ माणसे सभागृहही चालवतात, जत्राही भरवतात, फोनही सांभाळतात, आणि त्यातली बहुतेक साठीच्या पुढची. घरांच्या किमती अशा की तिथली तरुण मुले गावात राहू शकत नाहीत. आम्ही असतानाच्या अंकात तर स्पष्ट लिहिले होते की सभागृहाचे हिशेब पाहायला कुणी पुढे आले नाही तर पुढच्या वर्षी सभागृह चालवणे अवघड होईल.

बहीण बरी झाल्यावर फोनच्या यादीत सामील झाली. ती आणि मेहुणे यांनी आपली मर्यादा आधीच सांगून टाकली: सोडतीची तिकिटे आम्ही विकणार नाही, तो जुगार होतो, दारूच्या बाटल्यांच्या टेबलाशी उभे राहणार नाही, बाकी सांगाल ते काम. कुणी वाईट मानले नाही. जत्रेत तिला चहाचे टेबल दिले. तिथे प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय काय घातले आहे त्याची चिठ्ठी ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे जिलेटिन कशात आहे आणि कशात नाही हे मुलांनाही आपले आपण वाचता येते. तिची नानखटाई दुपारी तीनच्या आत संपली असे तिने कळवले. हिशेबाच्या कामाबद्दल ती अजून विचार करते आहे. अम्मीचे म्हणणे, दुसऱ्यांच्या पैशांची जबाबदारी नको. मेहुण्यांचे म्हणणे, अमानत सांभाळायला आपण नाही तर कोण?

रत्नागिरीला परतल्यावर आम्ही आपल्या मोहल्ल्याच्या जमातीचा फळा नीट पाहिला. नमाजच्या वेळा, चंद्याची यादी, मय्यतीची खबर. हे सगळे हवेच. पण जिवंत माणसाच्या उपयोगी पडणारी एक ओळही नव्हती. जमातीच्या सेक्रेटरींशी बोलून फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक नंबर लिहायची परवानगी घेतली आहे. फोन साधा, बटणांचा, शाळेतल्या एका सहकाऱ्याने दिलेला. बायकांनी बायकांसाठी यावे म्हणून यादी दोन भागांत केली. सरकारी दवाखाना, रेशनकार्डाचे काम, बँकेत पेन्शन आणणे, मुलांना परीक्षेच्या केंद्रावर सोडणे, एवढ्यापुरतेच ठरवले आहे. पैसे उसने देणे यात नाही, हे ठळक लिहिले.

पहिल्या महिन्यात चार फोन आले. त्यातला एक, नंबर खरा आहे का हे पाहण्यासाठी. आतापर्यंत नऊ जण झाले आहेत, पाच बायका आणि चार पुरुष. गुरुवारची दुपार अजून कुणी घेतलेली नाही.