तीन ऋतूंचा तंबू

भाषा शिकवणाऱ्या माणसाने तंबू विकत घ्यायला एकट्याने जाऊ नये. आम्ही एकटे नव्हतो, दोघे होतो. पण दोघेही भाषाच शिकवणारे, त्यामुळे जे व्हायचे ते झाले. 2009 सालच्या मे महिन्यात एका मोठ्या दुकानात मांडून ठेवलेल्या तंबूंपैकी एकाच्या पिशवीवर 'थ्री सीझन' असे शब्द होते. शेजारच्या, जवळजवळ दुप्पट किमतीच्या तंबूवर 'फोर सीझन' असे होते. आमच्यापैकी एकाने तेथल्या तेथे भाष्य केले की आपल्याकडे ऋतू तीनच, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा. चौथ्या ऋतूचे पैसे कशाला भरायचे? दुसऱ्याने शरद आणि हेमंताची आठवण करून देऊन हिशेब सहावर नेला. दुकानातला मुलगा हसला, आम्हीही हसलो, आणि बाराही महिन्यांची सोय झाली अशा समाधानात तीन ऋतूंचा तंबू घेऊन घरी आलो.

शब्दाचा अर्थ त्याच्या संदर्भातून घ्यावा हे आम्ही वर्गात किती वेळा सांगितले असेल याची मोजदाद नाही. हे शब्द ज्या हवामानात घडले तेथले तीन ऋतू म्हणजे वसंत, उन्हाळा आणि पानगळीचे दिवस. चौथा तो बर्फाचा हिवाळा. 'थ्री सीझन' म्हणजे बर्फाचा भार आणि हिमवादळ वगळून इतर वेळी चालेल असा तंबू, एवढाच त्याचा अर्थ. त्या गणनेत पावसाळा नाही. तेथे पाऊस पडत नाही असे नव्हे; पण तेथे पाऊस ही बहुधा घटना असते, ऋतू नसतो. तो येतो, तंबू भिजतो, ऊन पडते, तंबू वाळतो. आपल्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तंबूला वाळण्याची संधीच मिळत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. अशा पावसासाठी त्या पिशवीवर शब्द नव्हता, आणि नसलेला शब्द वाचण्याइतके आम्ही तेव्हा शहाणे नव्हतो.

त्याच वर्षी जुलैत आम्ही राजमाचीला गेलो. बरोबर आमची आठ वर्षांची मुलगी होती. उधेवाडीच्या वरच्या अंगाला, झाडांपासून दूर, दरी दिसेल अशा मोकळ्या जागी आम्ही तंबू लावला. दरी दिसावी हा हट्ट आमच्यापैकी एकाचा होता. कोणाचा, हे येथे सांगत नाही, कारण त्यावर अजून एकमत नाही. खाली कातळ असल्याने मेखा जेमतेम दोन बोटे आत गेल्या. चिखल लागू नये म्हणून तंबूखाली एक मोठी ताडपत्री अंथरली, आणि ती तंबूच्या कडेबाहेर चांगली हातभर राहील अशी ऐसपैस अंथरली. ही आमच्या मते दक्षता होती.

रात्री दहाच्या सुमारास वारा उठला. घाटमाथ्यावरचा पाऊस वरून पडत नाही, दरीतून वर चढतो आणि आडवा येतो. आमच्या तंबूचे बाहेरचे आवरण जमिनीपासून वीतभर वर संपत होते. पाणी त्या फटीतून आतल्या जाळीवर आणि जाळीतून अंथरुणावर येऊ लागले. ताडपत्रीच्या बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेला पाऊस उताराने सरळ तंबूच्या तळाखाली जमा झाला, आणि आम्ही गुडघा टेकू तेथे तळातून पाणी फुटू लागले. दारे, झरोके सर्व घट्ट बंद केले, तर तासाभरात छताच्या आतल्या बाजूवर थेंब धरले आणि तेही खाली गळू लागले. मध्यरात्रीनंतर मुलगी एकाएकी गप्प झाली. आधी ती कुरकुरत होती, थंडी वाजते म्हणत होती, दात वाजत होते. मग बोलेनाशी झाली आणि प्रश्न विचारला की उत्तर उशिरा देऊ लागली. ओले कपडे आणि वारा एकत्र आले की पुण्या-मुंबईजवळच्या डोंगरातही माणसाचे शरीर धोक्याच्या पातळीपर्यंत गार होऊ शकते, आणि थरथर थांबणे हे सुधारण्याचे लक्षण नसून उलटे असू शकते, हे आम्हांला नंतर कळले. त्या वेळी फक्त भीती कळली.

तिला पोटाशी धरून, तंबू तसाच टाकून, आम्ही विजेरीच्या उजेडात वाडीत उतरलो आणि पहिल्या घराचे दार वाजवले. घरातल्या मावशींनी आमचे लांबलचक प्रास्ताविक मध्येच तोडले. "पोरीची कापडं बदला आधी, मग बोला," एवढेच त्या म्हणाल्या. चूल पेटली, कोरडे लुगडे गुंडाळले गेले, दोन गोधड्या आल्या, गुळाचा चहा आला. तासाभराने मुलीने विचारले की आपला तंबू वाहून गेला का. तिच्या आवाजात काळजी नव्हती, कुतूहल होते. त्यावरून ती सावरली हे आम्ही ओळखले.

तंबू वाहून गेला नव्हता. सकाळी तो आम्ही मावशींकडेच ठेवून आलो. हिवाळ्यात गोधड्यांच्या बदल्यात काही न्यावे म्हणून पुन्हा गेलो तेव्हा त्याचे बाहेरचे आवरण पडवीतल्या सरपणावर घातलेले दिसले, आणि सरपण कोरडे ठणठणीत होते. तंबू वाईट असता तर लाकडेही भिजली असती, असा युक्तिवाद आमच्यापैकी एकाने परतीच्या वाटेवर केला. त्यात तथ्य होते. कापड पाणी अडवत होते. त्याच्याखाली तीन माणसांनी रात्रभर श्वास घ्यावा आणि तोही पावसाळी हवेत, हे त्याच्या हिशेबात नव्हते.

येथून आमचा अभ्यास सुरू झाला. तंबूच्या कापडावर पाण्याचा स्तंभ किती मिलिमीटर उंच चढला म्हणजे ते झिरपू लागते हा आकडा लिहिलेला असतो. आवरणाला साधारण 1500 ते 3000 पुरतात. तळाला अधिक हवा, कारण पावसाच्या थेंबापेक्षा माणसाचा गुडघा कापडावर फार अधिक दाब देतो. पण हा आकडा वाढवत नेला तरी निम्मा प्रश्न शिल्लकच राहतो. घाटातल्या पावसाळी तंबूची खरी परीक्षा बाहेरचे पाणी अडवण्याइतकीच आतली वाफ बाहेर जाऊ देण्यात आहे. म्हणून दोन भिंती हव्यात, बाहेरची जमिनीलगत उतरणारी आणि आतली श्वास घेणारी. त्या दोहोंत अंतर हवे, आणि ते टिकण्यासाठी तणावे ताणलेले हवेत. वारा आडवा आला तरी उघडा ठेवता येईल असा वरचा झरोका हवा. बाहेरचे आवरण आधी उभारता येत असेल तर उत्तम, नाहीतर उभारेपर्यंत आतला भाग भिजतो. ओले बूट ठेवायला एक ओसरी हवी. नायलॉन भिजले की सैलावते, पॉलिएस्टर त्या मानाने ताण धरून राहते. आणि मेख न लागणाऱ्या कातळावर स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा, धोंड्यांना बांधता येणारा घुमटाकार तंबूच कामाचा. ताडपत्री अंथरायची तर तळापेक्षा चार बोटे लहान. ही चार बोटे आम्हांला फार महाग पडली.

गंमत अशी की यातले बरेचसे आमच्या घरात आधीच माहीत होते, फक्त दुसऱ्या शब्दांत. आमच्यापैकी एकाचे आजोबा दिंडीबरोबर पंढरीला जात. आषाढीची वारी म्हणजे ऐन पावसाळ्यातला मुक्कामांचा प्रवास; दिंड्यांच्या राहुट्या पुढच्या मुक्कामी आधी जाऊन लागतात. आजोबा सांगत की राहुटीच्या कापडाला आतून डोके किंवा हात लावायचा नाही, लावला तेथून गळते. सुती किंतान भिजले की धागे फुगतात आणि छिद्रे मिटतात, पण आतून स्पर्श झाला की पाणी तेथून वाट धरते. मेखा, तणावे, कनात, राहुटी हे सगळे शब्द आमच्या कोशांत आहेत. आम्ही ते ऐतिहासिक कादंबऱ्यांवर टिपा लिहिताना वापरले होते, तंबू लावताना नव्हे.

जागेचा विचार तंबूच्या आधी करावा हेही जुनेच ज्ञान. औरंगजेब दक्षिणेत उतरला तो अखेरपर्यंत बहुतांशी छावण्यांतच राहिला. त्याच्या तंबूंचा थाट काय वर्णावा! पण ऑक्टोबर 1700 मध्ये माण नदीकाठी खवासपूरला छावणी असताना डोंगरांत पाऊस झाला आणि रात्री नदीला लोंढा आला. कोरड्या पात्रात आणि काठांवर पसरलेली छावणी बुडाली. त्या धांदलीत बादशहा अडखळून पडला, गुडघा निखळला, आणि तो पुढे कायमचा लंगडत राहिला. ही हकीकत जदुनाथ सरकारांच्या औरंगजेबचरित्रात आहे. आपण ज्या आभाळाखाली झोपतो त्या आभाळाचा पाऊस आपल्याला बुडवतोच असे नाही. तो वरच्या खोऱ्यात पडलेला असतो. ओढ्याच्या पात्रातली सपाट, मऊ वाळू पाहिली की आम्हांला आता खवासपूर आठवते, आणि थोडे चढून आम्ही खडबडीत जागा धरतो.

हिवाळ्याने आम्हांला मानाने वागवले. तरी एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. डिसेंबरच्या निरभ्र रात्री पाण्याकाठी तंबू लावण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून ओघळून तळाशी साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही थंडीत दवाचे हिमकण होतात, गावात मात्र तितका गारठा नसतो, त्याचे कारण हेच. काठापासून थोडे वर, झाडाच्या छायेत तंबू लावला तर दव कमी आणि ऊब अधिक. आणि थंडी वरून येते ही समजूतही खोटी. ती जमिनीतून पाठीत शिरते. हिवाळी तंबूवर खर्च करण्यापेक्षा अंगाखालच्या जाड चटईवर करावा. 'फोर सीझन' तंबूची हौस आम्ही हिमालयातल्या एका भाड्याच्या तंबूत भागवून घेतली. जाड कापड, कमी जाळी, बर्फ पेलणाऱ्या काठ्या; तेथे तो शोभतो. सह्याद्रीतल्या एप्रिलमध्ये त्याची भट्टी होईल.

उन्हाळ्याला तर तंबू जवळजवळ नकोच. विंचू-किड्यांसाठी बंद तळ, डासांसाठी जाळी, वर आकाश. बाहेरचे आवरण मात्र पायथ्याशी घडी करून ठेवावे, कारण वळीव विचारून येत नाही. विजेपुढे कोणताच तंबू उपयोगाचा नाही; ढग गडगडू लागले की माथा सोडावा. मेच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या बाजूला काजव्यांनी भरलेली झाडे आम्ही अशाच नुसत्या जाळीखाली पडून पाहिली आहेत.

या सगळ्या निवडीचे थोडे संकोचाने लिहावे लागते. 'उपरा' (1980) आणि त्यानंतरची भटक्या-विमुक्तांची आत्मकथने शिकवताना 'पाल' हा शब्द येतो. मुले विचारतात, पाल म्हणजे तंबूच ना? आम्ही पूर्वी हो म्हणत असू. आता म्हणत नाही. पाल एकच असते, तीच तिन्ही ऋतूंना, आणि पाऊस आला की खाली उतरून कोणाचे दार वाजवावे तर ते उघडेलच असे नसते. आमच्यासाठी ते उघडले, याची कारणे काय होती, हा प्रश्न वर्गात एकदा एका विद्यार्थ्याने विचारला होता. तास संपल्याची घंटा झाली म्हणून आम्ही तेव्हा सुटलो.

दुसरा तंबू चौदा वर्षे टिकला. गेल्या पावसाळ्यानंतर माळ्यावरून काढला तेव्हा आतला लेप चिकट झाला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. दमट ठेवलेल्या तंबूचे हे मरण ठरलेले असते. चूक आमचीच, शेवटच्या खेपेनंतर तो नीट वाळवला नव्हता. तेव्हा पुन्हा खरेदीला निघालो. या वेळी पिशवीवरचे ऋतू वाचलेच नाहीत. आवरण जमिनीला टेकते का ते वाकून पाहिले, शिवणीवरच्या पट्ट्या बोटाने चाचपल्या, झरोका आतून उघडून पाहिला. विक्रेता कंटाळला असावा. शेवटी दोन तंबू उरले, एकाच घडणीचे, एक दोघांचा आणि एक तिघांचा. वजनातला फरक अर्ध्या किलोच्या आसपास, आणि आमच्या गुडघ्यांच्या वयात अर्धा किलो हा विचार करण्याचा विषय आहे. मुलगी आता चोवीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात नोकरी करते, आणि तिचा स्वतःचा तंबू आहे.

"सर, तुम्ही दोघंच ना?" विक्रेत्याने विचारले. "मग दोघांचा घ्या की."

तंबूवर 'दोघांचा' असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ खांद्याला खांदा लावून झोपणारे, सामान नसलेले दोघे असा असतो, हे आम्ही त्याला सविस्तर समजावून सांगितले. तिघांचा घेतला. तिसरी जागा सामानाला, असे आम्ही दोघेही एकदमच म्हणालो.