दिवेलागणीचे बोरीबंदर

इमारतीवरच्या रोषणाईचा फोटो घ्यायचा असेल तर रात्र पडायची वाट पाहू नये. काळ्याभोर आकाशापुढे दिव्यांनी नटलेली इमारत म्हणजे नुसते दागिने. ते ल्यालेली बाई काही दिसत नाही! तिचा बांधा दिसायला पाठीमागे थोडा उजेड हवा, आणि तो मिळतो फक्त दिवेलागणीला.

ही वेळ आपल्याकडे मोठी घाईची. सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे विलायतेसारखा रेंगाळणारा संधिप्रकाश नाही. दिवाळीच्या दिवसांत मुंबईला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे काय ती आपली!

त्यासाठी बोरीबंदरच्या चौकासारखी जागा नाही. स्थानकाचे नाव १९९६ मध्ये बदलले, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' ही जोड मिळाली. पण आमच्या पिढीच्या तोंडी ते बोरीबंदरच राहिले. १८७८ साली सुरू झालेले हे काम पुरे व्हायला दहा वर्षे लागली. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा. समोरची, १८९३ साली पुरी झालेली महापालिकेची इमारतही त्याचीच.

यात एक गंमत आहे. स्थानकाचे तोंड पश्चिमेला. त्याच्यामागचे पूर्वेचे आकाश आधी निळे होते, म्हणून पहिला फोटो त्याचा. मग पाठ फिरवावी. महापालिकेच्या २५५ फुटी मनोऱ्यामागे मावळतीचा उजेड अजून शिल्लक असतो. एकाच संध्याकाळी स्टीव्हन्सची दोन्ही लेकरे हाती लागतात!

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून सेल्फ-टायमर लावावा. आयएसओ १००, छिद्र एफ-८ आणि पाच-सहा सेकंदांचा अवधी, येथून सुरुवात करावी. कॅमेरा वर कलवला तर घुमट मागे पडतोसा दिसतो; त्यापेक्षा चार पावले मागे सरावे. रंगीत झोतांपेक्षा साधा पिवळसर उजेड बरा. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली पानेफुले आणि पशुपक्षी त्यात उठून दिसतात.

असा एक फोटो मी शेजारच्या आप्पांना दाखवला. चौतीस वर्षे ते या स्थानकातून कचेरीला गेले. चष्मा पुसून त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"झकास आहे हो, पण माणसे कुठे गेली?"

"होती ना, आप्पा. पण पाच-सहा सेकंदांत चालणारा माणूस उमटतच नाही. उभा राहील तोच दिसतो."

"मग मी काही यात यायचो नाही," आप्पा म्हणाले. "सहा-बाराची गाडी धरायची असायची. चौतीस वर्षांत या घुमटाकडे मान वर करून पाहिले नाही बघा."

ते हसत म्हणाले, पण मला ते लागले. ज्यांच्यासाठी ही इमारत रोज उभी आहे, ती लाखो माणसेच फोटोतून पुसायची?

दुसऱ्या दिवशी मी आयएसओ ३२०० वर नेला, छिद्र एफ-४ केले आणि एक विसांश सेकंदात फोटो घेतला. आकाश थोडे रवाळ आले, पावले पुसट आली. पण डबे, पिशव्या आणि आकाशकंदील सांभाळीत धावणारी माणसे उमटली. आप्पांनी भिंतीसाठी तोच मागून घेतला.