सात तारीख

सात तारखेला आई रात्री जेवायला बसायची नाही. त्या दिवशी अण्णांचा पगार व्हायचा.

पुणे-लोणावळा लोकल 1978 साली सुरू झाली. आमच्या मावळातली कितीतरी माणसं तिच्या जिवावर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत रोज जाऊन-येऊन नोकरी करायला लागली. अण्णा त्यातलेच. महिनाभर सुतासारखे सरळ, पगाराच्या दिवशी मात्र गाडीतून उतरायचे ते झुलतच.

शेवटच्या लोकलच्या वेळेला आई मला बॅटरी देऊन पुढं घालायची. आमचं स्टेशन लहान. रात्री मास्तर आणि एक पोर्टर, एवढीच माणसं. पोर्टरला आम्ही पोरं मामा म्हणायचो. गाडी थांबली की मामा हातबत्ती घेऊन डबे बघत यायचे. कुणी डुलताना दिसला की बखोटीला धरून भिंतीकडच्या बाकड्यावर बसवायचे. त्याच्या खिशातलं पाकीट मास्तरांच्या टेबलात. आणि चपला काढून ऑफिसात.

"चपला कशाला वो मामा?"

"अनवाणी पायाला खडी टोचती. मग गडी रुळावर जात न्हाई."

आमच्याकडं न थांबणाऱ्या गाड्या रात्रभर धडधडत जायच्या. म्हणून प्यालेल्याशी वादही नाही. त्यानं शिवी दिली तरी, "व्हय सायेब, तुमचंच खरं." वाद घातला की तो उठणार, आणि उठला की कुठं जाईल याचा नेम नाही.

रेल्वे कायद्यात यासाठी 145 कलम आहे. पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला गाडीतून उतरवता येतं, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. कुणी बायामाणसांच्या अंगावर गेला तर मामा मास्तरांना सांगून पोलीस बोलवायला लावायचे. तिथं गय नाही. नुसता लोळणारा असेल तर नाही. चौकीत रात्र गेली की दुसऱ्या दिवशी कामावर खाडा.

एकदा अण्णांनी गावभर केलं, पाकिटातले दोनशे रुपये पोर्टरनं काढले म्हणून. ते पैसे गुत्त्यावरच्या उधारीत गेले होते. आईला ठाऊक होतं, मलाही. आम्ही दोघंही गप्प बसलो.

पुढच्या सात तारखेला मामांनी अण्णांना नेहमीसारखं बसवलं, चपला काढल्या. खिशाला मात्र हात लावला नाही. मास्तरांना दारात उभं केलं आणि आईला हाक मारली.

"वैनी, तुम्हीच काढा. मोठ्यानं मोजा."

आई मोजायला लागली. चौथ्या नोटेला तिचा आवाज बसला. मामांनी ऑफिसातून चपला आणल्या, माझ्या हातात दिल्या आणि हातबत्ती उचलून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले.