बिनतिकिटाचे उतारू

मराठी भाषेची गंमत अशी, की गाडीत किंवा बोटीत जो चढून बसला आहे, त्यालाच आपण ‘उतारू’ म्हणतो. वर्गात हे सांगितले म्हणजे मुले हसतात, नि मीही दरवर्षी तेवढ्याच उत्साहाने ते सांगतो. परंतु काही उतारू असे असतात, की ते कधी चढले हे कोणाला दिसत नाही आणि त्यांना उतरवायला करवत घ्यावी लागते. हे ज्ञान मात्र मला कुठल्या पुस्तकातून मिळालेले नाही. ते गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत देवबागेस मिळाले.

मालवणहून दक्षिणेकडे निघाले, की आधी तारकर्ली लागते आणि तारकर्ली संपली म्हणजे देवबाग. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि दोहोंच्या मध्ये माडांची नि घरांची एक चिंचोळी पट्टी, एवढाच ह्या गावाचा विस्तार. आमच्या खोलीला दोन खिडक्या होत्या. एकीतून रात्रभर लाटांचा घोष येई. दुसरीतून काहीच येत नसे, फक्त पहाटे एखाद्या होडीच्या वल्ह्याचा आवाज. ही पट्टी दक्षिणेकडे निमुळती होत जाते, तिथे नदी समुद्राला मिळते. पलीकडे भोगव्याचा किनारा. त्या जागेला सगळे नुसते ‘संगम’ म्हणतात, आणि देवबागेस आलेला मनुष्य संगम पाहिल्यावाचून परत जात नाही.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या. आई स्वयंपाक पाही. तिच्या हातचे तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि सौ.ने तो आधीच आपल्याकडे राखून ठेवला आहे. मुलगा बोट चालवी. वडील पूर्वी मासेमारी करीत; आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे माडाखाली बसून जाळी शिवीत. बोट फायबरची, बाविसेक फूट लांब, मागे चाळीस अश्वशक्तीचे पेट्रोलचे इंजिन. पावसाळाभर ती परसात ओढून ठेवलेली होती आणि पाण्यात उतरून जेमतेम तीन आठवडे झाले होते. दिवाळीचे पंधरा दिवस म्हणजे ह्या लोकांच्या वर्षाच्या कमाईतला मोठा घास.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉल्फिन पाहायला निघालो. आम्ही तिघे आणि पुण्याकडचे एक सहा जणांचे कुटुंब. सगळ्यांनी नारिंगी जाकिटे बांधली होती. माझे पोटावर बसेना म्हणून कन्या हसली. नदीत इंजिनाने आवाज तर जोरात धरला, पण बोट नाळ आभाळाकडे करून आणि पिछाडी पाण्यात खुपसून रांगू लागली. पोराने दोनदा मागे वळून पाहिले.

“जरा फुडे सरकान बसा,” तो म्हणाला. आम्ही पुढे सरकलो. नाळ थोडी खाली आली, वेग मात्र आला नाही.

“बोट उचलना नाय,” तो स्वतःशीच पुटपुटला.

हे ‘उचलणे’ मला मोठे आवडले. त्याचा अर्थ मात्र नंतर आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी समजावला. हळू चालणारी बोट पाणी बाजूला सारीत जाते आणि पुढे एक लाट उभी करते. वेग वाढेल तशी ती लाट लांबते आणि शेवटी बोटीच्या लांबीएवढी होते. मग बोटीची अवस्था चढावाला लागलेल्या बैलगाडीसारखी होते. आपणच उभ्या केलेल्या लाटेचा डोंगर तिला चढायचा असतो. विल्यम फ्रूड ह्या इंग्रज अभियंत्याने १८७२ च्या सुमारास टॉर्के येथे लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून ह्या लाटांचा अभ्यास केला. पाण्यात जेवढी लांबी बुडते तिचे फुटांतले वर्गमूळ घ्यावे, त्याला १.३४ ने गुणावे. जो आकडा येईल तेवढे सागरी मैल ताशी, असा बोटवाल्यांचा ठोकताळा आहे. वीस फुटांना तो सहा येतो, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. त्यापुढे जायचे तर लाट ओलांडून पाण्याच्या पाठीवर चढावे लागते. तेवढ्या चार क्षणांसाठी इंजिनाला सगळी ताकद लागते. एकदा बोट वर आली, की ती पाणी कापीत नाही, पाण्यावरून घसरते, आणि इंजिनालाही हायसे वाटते. आमची बोट त्या चढावाच्या पायथ्याशीच धापा टाकीत होती.

डॉल्फिन दिसले. दोन काळ्या पाठी, चार क्षण. पण माझे लक्ष त्या पोराच्या चेहऱ्याकडे होते.

खरा प्रसंग परतताना आला. ओहोटी लागली होती. नदीचे पाणी जोराने बाहेर येत होते आणि समुद्राच्या लाटा आत जात होत्या. मुखाशी वाळूच्या दांड्यावर दोघांची गाठ पडून पाणी फेसाळत होते. एरवी बोट एका लाटेच्या पाठीवर राहून तिच्याच वेगाने आत जाते. आमच्या बोटीला तो वेग नव्हता. मागून आलेली लाट आम्हांला गाठून पिछाडीवरून आत आली, नि घोट्याएवढे पाणी झाले. कोणी ओरडले नाही. सौ.ने कन्येचा हात इतका घट्ट धरला होता, की संध्याकाळपर्यंत मनगटावर वळ होता. मी त्या वेळी काय केले असे कोणी विचारील तर, मी चष्मा खिशात ठेवला.

पोर मात्र शहाणे. त्याने हट्ट केला नाही. बोट वळवून नाळ लाटांकडे केली, दांड्याबाहेर येऊन थांबला आणि आम्हांला पाणी उपसायला लावले. मग ओळखीच्या बोटीला फोन करून बोलावले. तिच्यात आमच्यातले पाच जण गेले. पाच उतारू उतरले, आणि आमची बोट जरा कण्हून एकदम उठली नि लाटेबरोबर सुळकन आत आली.

त्या दिवशीच्या पुढल्या दोन्ही फेऱ्या त्याने रद्द केल्या. दुपारभर परसात इंजिनाची तपासणी चालली. पंख्याच्या दांड्याला थोडा तंगूस गुंडाळला होता, तो काढला. पंख्याची पाती मात्र शाबूत होती. पेट्रोलच्या गाळणीत पाणी उतरले आहे का पाहिले, नव्हते. बोटीच्या तळाला कालवांसारखी खरबरीत कवचे धरली तरी वेग मरतो, पण तळ हाताला गुळगुळीत लागत होता. एक मिस्त्री आला. त्याने प्लग काढून पाहिले, कानाने फेरे जोखले. नुसता आवाज चढतो आणि बोट जागची हलत नाही, असे असते तर पंख्यातले रबर सुटले म्हणता आले असते, किंवा पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो आहे म्हणता आले असते. इथे उलट होते. इंजिन पुरते फेरेच घेत नव्हते. ओझ्याखाली दबल्यासारखे घोगरत होते. मिस्त्रीने निदान केले, की इंजिन थकले. साठ अश्वशक्तीचे घ्या.

साठ अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे काही लाखांची गोष्ट. पहिल्याचे हप्ते अजून चालू होते. रात्री जेवताना पोराने फक्त भात कालवला, खाल्ला नाही. आई म्हणाली, “बांगडी मोडतंय माझी.” ह्यावर कोणीच काही बोलले नाही. आम्ही शहरातली माणसे ताटाकडे पाहत बसलो.

सकाळी म्हातारबुवा जाळे खाली ठेवून बोलले. “गाडी चढाव चढना नाय, तर पयलो बैल बदलून बघूचो. बैल बदलूनय चढना नाय, तर गाडीत काय भरलंस ता बघूचा.”

शेजाऱ्याची बोट ह्याच मापाची, इंजिनही तसेच. चौघांनी मिळून इंजिनांची अदलाबदल केली. आमच्या पोराचे ‘थकलेले’ इंजिन शेजाऱ्याच्या बोटीला लावले, नऊ माणसे बसवली, आणि ती बोट हरणासारखी उठली. शेजाऱ्याचे धडधाकट इंजिन ह्या बोटीला लावले, तीच नऊ माणसे बसवली, तर हिचे ते कालचेच रांगणे. मी नऊंपैकी एक होतो, म्हणून हे खात्रीने सांगतो. चाळीस वर्षे व्याकरणात ‘कर्ता’ शोधण्यात गेली, पण इतके स्वच्छ उत्तर मला क्वचितच मिळाले आहे.

मग म्हाताऱ्याने बोट रिकामी करून तरंगत ठेवायला सांगितली नि काठावर उभा राहून पाहिली. शेजाऱ्याच्या रिकाम्या बोटीचा निळा पट्टा पाण्याच्या वर दिसत होता. ह्या बोटीचा पट्टा मागच्या बाजूला पाण्याखाली होता. तीन आठवडे सगळे इंजिनाकडे पाहत होते. ह्या पट्ट्याकडे कोणी पाहिले नव्हते. बोट वाळूवर ओढली तेव्हा म्हातारा आत चढला आणि नारळ वाजवून पाहावा तसा बोटांच्या पेरांनी फायबरचा तळमजला वाजवीत मागे गेला. पुढे आवाज पोकळ. मागे मंद, भरल्या नारळाचा.

ह्या बोटींच्या तळमजल्याखाली पोकळी असते आणि ती फोमने भरतात, म्हणजे बोट पालथी झाली तरी बुडू नये. पिछाडीला, पोकळीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात पोराने गिरमिटाने भोक पाडले. पाण्याची धार लागली. सगळ्यांना वाटले, तळ फुटला, आता बोटच गेली! म्हाताऱ्याने धारेखाली बोट धरून जिभेला लावले.

“गोडा पाणी हा,” तो म्हणाला. “पावसाचा.”

सिंधुदुर्गात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव नि साखरबाव ह्या विहिरींचे पाणी गोडे लागते, म्हणून आपण नवल करतो. ह्या गोड्या पाण्याचे नवल निराळे होते. खारे असते तर तळाला चीर असती. गोडे आहे म्हणजे ते वरून आले. मे महिन्यात पोराने उतारूंच्या सोयीसाठी नव्या खुर्च्या बसवल्या होत्या. तळमजल्याला स्क्रूंची भोके पाडली आणि ती नीट बुजवली नाहीत. पावसात वरचे प्लास्टिक फाटले, पाणी जायच्या वाटेत माडाचा कचरा अडकला, आणि चार महिने कोकणचा पाऊस त्या भोकांवाटे थेंबथेंब आत जाऊन फोमात मुरला. फोम चांगला असला तरी जुना झाला नि पाण्यात मुरत राहिला, की पाणी पितो, आणि एकदा प्यालेले सहजी सोडत नाही.

कन्येने बादल्या मोजल्या. वीस लिटरच्या सोळा भरल्या, तरी फोम ओलाच होता. लिटरला किलो हा हिशेब तिने वाळूत मांडला: ३२० किलो. “म्हणजे पाच मोठी माणसं आणि एक मी,” ती म्हणाली. आदल्या दिवशी संगमावर पाच माणसे उतरल्यावरच बोट का उठली, ते आता सगळ्यांना कळले. मोठे इंजिन आणले असते तर त्याच्या वजनाने पिछाडी आणखी खाली गेली असती, नि पुढल्या ओहोटीत...

तो विचार तिथेच राहू द्या. पोराने खुर्च्या उपटल्या आणि करवतीने तळमजला मागच्या बाजूने कापला. फोमाचे पिवळे तुकडे निघाले, भिजलेल्या पावासारखे जड. नवा फोम, नवा तळमजला, मजुरी. खर्च होताच, पण तो नव्या इंजिनाच्या जवळपासही नव्हता. दिवाळीचे दिवस मात्र गेले. बापाने बजावले, की पोकळी आतून कडकडीत वाळल्याखेरीज फायबर चढवायचे नाही. मुलाला घाई, बाप ऐकेना. दोघांत दोन दिवस अबोला होता आणि निरोप आईमार्फत चालत.

आम्ही निघालो त्या सकाळी बोट माडाखाली पोट उघडे टाकून पडली होती. पोर शेजाऱ्याच्या बोटीवर मदतनीस म्हणून गेले होते. आई आमच्यासाठी आमसुलांची पुरचुंडी बांधत होती. तिच्या हातात बांगडी होती, हे सौ.ने मला रिक्षात बसल्यावर सांगितले. म्हातारबुवा बोटीच्या काठावर बसून एकेका स्क्रूच्या भोकात काडी घालून पाहत होते. कन्येने विचारले, “आजोबा, किती राहिली?”

“अकरा,” ते म्हणाले, आणि पुढच्या भोकाकडे सरकले.