‘सोन्यावाणी मरण’ म्हणू नका!



आमच्या वस्तीत कोणी छातीत कळ येऊन एकाएकी गेले, की मयतीला जमलेल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. "सोन्यावाणी मरण आलं. कोणाले तरास नाही देल्ला." आम्हीही हे वाक्य अनेकदा ऐकले, आणि मान डोलावली. काकांच्या मयतीत मात्र ते ऐकताना आम्ही मान खाली घातली. कारण त्या रात्री काय घडले, ते आम्हाला माहीत होते.

संग्रामपूर तालुक्यातले आमचे गाव. ५ डिसेंबरची रात्र. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन, म्हणून आम्ही पोरे विहारात दऱ्या अंथरत होतो आणि काका प्रतिमेजवळ तोरण बांधत होते. पोरवयात नामांतराच्या मोर्चात गेलेला हा माणूस. आयुष्यभर मजुरी केली, पण वस्तीतला एकही ६ डिसेंबर त्यांच्याशिवाय झाला नाही. साडेदहाच्या सुमारास ते खाली बसले. छातीवर मूठ ठेवली. म्हणाले, "पित्त झालं वाटते. वांग्याची भाजी बाधली."

थंडीचे दिवस, आम्ही स्वेटरात, आणि काकांचा सदरा घामाने ओला. डावा हात भरून आला म्हणत होते. जबडा दुखतो म्हणाले, तर आमच्यातला एक जण बोलला, "काका, दाढ दाखवा एकदा." आम्ही त्यांना इनो पाजले, गरम पाणी दिले, हातपाय चेपले. दवाखान्यात नेतो म्हटले, तर त्यांनी हात झटकला. "काही नाही होत रे पोट्टेहो. मले गॅस झाला. तुमी काम करा." आणि आम्ही खरेच कामाला लागलो! पहाटे तीनला ते कोसळले. मग धावपळ, मग गाडी, मग शेगावचा रस्ता. रस्त्यातच संपले.

साडेदहा ते तीन. साडेचार तास आमच्या हातात होते. हे सोन्यासारखे मरण नव्हते. हे आमच्या अज्ञानाने दिलेले मरण होते, असे आम्ही आज जाहीरपणे लिहितो.

नंतर रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही ठरवले की काकांच्या छातीत नेमके काय झाले, ते समजून घ्यायचे. आम्ही वर्णव्यवस्थेवर दोन तास बोलू शकतो. संविधानाची कलमे तोंडपाठ आहेत. पण स्वतःच्या छातीत काय आहे, हे आमच्यातल्या एकालाही धड सांगता येईना. शब्दांचाही घोळ. गाण्यात आपण ‘काळीज’ म्हणतो ते हृदय, आणि मटणाच्या दुकानात ‘काळीज’ मागितले की मिळते ते यकृत!

म्हणून आम्ही बोकडाचे हृदय आणले आणि एकाच्या अंगणात परातीत ठेवून कापले. आमच्यातली बी.एस्सी. झालेली पोरगी मोबाईलवरचे चित्र पाहून सांगत होती, पण चाकू कुठून घालायचा ते कळेना. तेव्हा कोपऱ्यात बसलेले ऐंशी पार केलेले आजोबा उठले. त्यांनी चाकू हातात घेतला आणि एका सरळ घावात चारही कप्पे उघडून दाखवले. झडपा बोटाने उचलल्या. "हे पडदे. रगत पुढं जाऊ देतात, मांगं येऊ देत नाहीत." लहानपणी ते आपल्या बापाबरोबर गावातले पडलेले ढोर फाडायला जात. शाळेचे तोंड पाहिलेले नाही.

क्षणभर सगळे गप्प झालो. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडा म्हणून सांगितले, ते योग्यच होते. ते काम ज्ञान म्हणून दिलेले नव्हते, गुलामी म्हणून लादलेले होते. पण दुसरी बाजूही पाहा. या देशात प्रेताला शिवणे हा विटाळ ठरवला गेला. आधुनिक वैद्यकाच्या शिक्षणात मधुसूदन गुप्तांनी १८३६ साली कलकत्त्याला शवविच्छेदन केले, तर ती इतिहासात नोंदवण्यासारखी घटना ठरली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हृदय हाताने उघडून पाहिले, त्यांना पाटी-पेन्सिल नव्हती. ज्यांच्याकडे लेखणी होती, त्यांना हात लावायचा नव्हता. डोळे एका जातीचे आणि लेखणी दुसऱ्या जातीची, मग शास्त्र कसे वाढणार?

युरोपातही पोथी होतीच. गॅलेन नावाच्या वैद्याने लिहून ठेवले की रक्त यकृतात तयार होते आणि शरीरात जिरून जाते. चौदाशे वर्षे बहुतेकांनी हेच मानले. इंग्लंडच्या विल्यम हार्वेने साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला हृदय इतके रक्त ढकलते, मग अर्ध्या तासात किती? आकडा निघाला तो सबंध शरीरात असेल त्या रक्ताहून जास्त. मग एवढे रक्त नवे कुठून येणार? म्हणजे तेच रक्त फिरून परत येते. १६२८ साली त्याने हे ग्रंथरूपाने छापले. ग्रंथप्रामाण्य मोडायला त्याला भागाकार-गुणाकार पुरला. तथागतांचे ‘एहि पस्सिको’, या आणि पाहा, याहून वेगळे काय सांगते?

आता थोडे यंत्र समजून घ्या. हृदय म्हणजे मुठीएवढा, साधारण तीनशे ग्रॅमचा स्नायू. मधल्या पडद्याने दोन भाग. उजवा भाग शरीरातून आलेले काळसर रक्त फुप्फुसाकडे पाठवतो, तिथे ते प्राणवायू घेते, आणि डावा भाग ते सगळ्या अंगभर फेकतो. डॉक्टर ऐकतात ती ‘लब-डब’ म्हणजे झडपा मिटण्याचा आवाज. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर होतात. मिनिटाला पाच लिटर, म्हणजे दिवसाला सात हजार लिटरहून जास्त रक्त. हजार लिटरच्या सात टाक्या रोज भरणारा मजूर, तोही एक दिवस सुट्टी न घेता!

शरीरात रक्तही साधारण पाचच लिटर. म्हणजे आत्ता तळपायात असलेले रक्त मिनिटाभरात डोक्यात असू शकते. पुरुषसूक्ताने तोंडातून ब्राह्मण काढला आणि पायांतून शूद्र. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी त्या सूक्ताची चिरफाड केली, ती पुन्हा सांगायची गरज नाही. आम्ही फक्त शरीर पाहून बोलतो. पायातले रक्त वर चढते कसे? हृदयाचा जोर तिथवर येईतो फार कमी झालेला असतो. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, शिरा दाबतो आणि रक्त वर ढकलतो. शिरांतल्या झडपा ते खाली घसरू देत नाहीत. म्हणजे ज्या पायांना नीच ठरवले, ते पाय रक्त परत धाडतात म्हणून ते तोंड मंत्र म्हणू शकते. सूक्त रचणाऱ्याने एकदा तरी पोटरीला हात लावून पाहायचा होता.

विषयाकडे येऊ. काका का गेले? मिनिटाला पाच लिटर रक्त पोटातून वाहवणारे हे हृदय त्यातले स्वतःसाठी जवळजवळ काहीच घेत नाही. त्याच्या जाड भिंतीला रक्त पुरवतात त्या बाहेरून आलेल्या, पेन्सिलीहूनही बारीक दोन धमन्या आणि त्यांच्या फांद्या. आजोबांनी परातीत त्याही दाखवल्या होत्या, चरबीत लपलेल्या. वर्षानुवर्षे या धमन्यांच्या आतल्या भिंतीत चरबीचा थर साचतो. एके दिवशी त्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद. पुढचा स्नायू उपाशी राहतो. अर्ध्या तासाच्या आत तो मरू लागतो, आणि तासातासाने मेलेला भाग वाढत जातो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे, फुग्याने धमनी उघडता येते, पण दोन्ही जितक्या लवकर तितकी उपयोगी.

छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंडीतही दरदरून घाम, मळमळ. काकांना यातले बहुतेक सगळे होते. बायांमध्ये छातीत कळ येईलच असे नाही. नुसता दम लागतो, पाठ दुखते, गळून गेल्यासारखे होते, आणि घरचे म्हणतात कामाचा शिणवटा. मधुमेह असलेल्याला तर कधी कधी दुखतच नाही. अशा वेळी इनो नको, हातपाय चेपणे नको. १०८ ला फोन, नसेल तर मिळेल ती गाडी, आणि जिथे ईसीजी निघतो असा दवाखाना. माणूस बेशुद्ध पडून श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचे, मदत येईपर्यंत. हे आम्ही आता उशीवर शिकलो. काकांच्या वेळी आम्ही त्यांच्या तोंडात पाणी घालत होतो.

हाच घोटाळा मेंदूच्या धमनीत झाला की पक्षाघात. आपल्याकडे लकवा मारला म्हणतात आणि रुग्णाला भगताकडे नेतात. महात्मा जोतिराव फुल्यांना मे १८८८ मध्ये मुंबईत ‘महात्मा’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी जुलैत त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. उजवी बाजू जाते ती मेंदूच्या डाव्या भागाचे रक्त अडल्याने, कोणाच्या शापाने नाही. जोतिरावांनी भगत बोलावला नाही. डॉ. विश्राम रामजी घोले यांचे उपचार घेतले आणि डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. आज त्यांच्याच नावाच्या जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया बसतात. पण आमच्या वस्तीत जयंतीला फोटोला हार घालणारे किती, आणि त्या योजनेला कोणती कागदपत्रे लागतात हे सांगू शकणारे किती?

धमन्या एका रात्रीत खराब होत नाहीत. रक्तदाब १४० वर ९० च्या पुढे राहिला की भिंती झिजतात, आणि माणसाला काही कळत नाही. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात, बुलढाणा, अकोला, अमरावती जिल्ह्यांत, जमिनीखालचे पाणी खारे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या रोगाने गेलेली माणसे गावोगाव सापडतात. मूत्रपिंड बिघडले की रक्तदाब चढतो, आणि रक्तदाब चढला की मूत्रपिंड आणखी बिघडते. १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली, तरी नळाला पाणी नसेल त्या दिवशी ज्याच्या खिशात पैसे तो आरओचा कॅन घेतो, आणि मजूर बोअरचे पितो. महाडला प्रश्न होता तळ्यावर जाण्याचा. आमच्याकडे प्रश्न आहे हंड्यात काय आले त्याचा. हाही पाण्याचाच लढा आहे आणि तो आम्ही लढणार.

पण सगळा दोष पाण्यावर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. काकांच्या खिशात खर्ऱ्याची पुडी होती. ती त्यांना आणून देणारे आम्हीच. तंबाखू धमन्या आवळते आणि रक्त गुठळीकडे नेते, हे आम्हाला पुस्तकातून कळले, तोवर आमच्यातल्या निम्म्यांच्या गालात खर्रा होता. ताटात लोणचे, ठेचा, पापड, वरून मीठ. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढे तर आम्ही एका ठेच्यात घालतो. ‘हा श्रीमंतांचा आजार’ हे वाक्य कोणी पसरवले माहीत नाही, पण आम्ही ते अजून बोलतो आणि म्हणून तपासायला जात नाही.

वर्गणी काढून आम्ही रक्तदाबाचे यंत्र घेतले. दर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर बसतो. एक वही केली. पहिल्या रविवारी गडीमाणसे फिरकली नाहीत. "आमाले काय झालं?" म्हणत पारावरच बसून राहिली. काकू आल्या, काकांच्या काकू. त्यांनी हात पुढे केला. आम्ही पट्टा बांधला. १७८ वर १०४. यंत्र चुकले असेल म्हणून पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजले. फारसा फरक नाही.

"काकू, डोकं दुखते? चक्कर येते?"

"नाही बाप्पा. मले काहीच होत नाही," त्या म्हणाल्या आणि लुगड्याचा पदर सावरून उठू लागल्या.

आम्ही त्यांना उठू दिले नाही. त्याच दुपारी गाडी काढली.

जयभीम!